एमिल नोल्डे: नाझींनी झिडकारलेला नाझी (चर्चा)

आडरान
१८ जुलै १९३७. म्युनिकमध्ये हिटलरने 'जर्मन कलेच्या घरा'चं उद्घाटन केलं. आत पिळदार देहांचे पुतळे, शेतकरी कुटुंबं, नीटनेटकी निसर्गदृश्यं. दुसऱ्याच दिवशी जवळच्या पुरातत्त्व संस्थेच्या इमारतीत, नाझींना नकोशा आधुनिक कलेला हिणवणारं 'अधःपतित कला' हे प्रदर्शन उघडलं. चित्रं दाटीवाटीने टांगलेली आणि भिंतींवर टिंगलीची वाक्यं. एकट्या म्युनिकमध्ये वीस लाखांवर लोकांनी ते पाहिलं. जर्मन चित्रकार एमिल नोल्डेचं 'ख्रिस्ताचं जीवन' हे नऊ भागांचं चित्र तिथे अगदी दर्शनी होतं. जर्मन संग्रहालयांतून त्याच्या हजारावर कलाकृती जप्त झाल्या. इतक्या दुसऱ्या कुणाच्याच झाल्या नाहीत.

युद्धानंतर हाच नोल्डे छळ सोसलेला थोर कलावंत म्हणून गौरवला गेला. पण तो १९३४ पासून नाझी पक्षाचा सभासद होता. १९३३ मध्ये त्याने मॅक्स पेख्श्टाइन या आपल्याबरोबरच्या चित्रकाराबद्दल 'हा ज्यू आहे' अशी चुगली सरकारी अधिकाऱ्याकडे केली होती, आणि तीही खोटी. जप्तीनंतर १९३८ मध्ये त्याने प्रचारमंत्री गोबेल्सला पत्र लिहून आपली निष्ठा सांगितली आणि स्वतःच्या मालकीची चित्रं परत मिळवली.

कलेला राष्ट्राचं माप लावू नका, असं तो कधीच म्हणाला नाही. माप लावा, मी त्यात बसतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याला बळी म्हणायला माझं मन धजत नाही.

जलरंगी
अजिबात पटलं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस सज्जनच असला पाहिजे, हा नियम कुठला? १९४१ मध्ये त्याला कलावंतांच्या सरकारी मंडळातून काढलं. चित्र विकायचं नाही, प्रदर्शन भरवायचं नाही. पंचाहत्तरीला टेकलेल्या चित्रकाराचा व्यवसायच काढून घेतला. त्याची मतं घाणेरडी होती म्हणून सरकारचा गुन्हा हलका होतो का?

आणि चित्रांचं काय? १९३६ चं त्याचं फुटत्या लाटेचं चित्र बघा. आभाळ पेटलेलं, पाणी अंगावर येणारं. त्यात वंशद्वेष कुठे आहे ते दाखवा. २०१९ मध्ये तेव्हाच्या जर्मन चॅन्सलर मर्केल यांनी हे चित्र आपल्या कार्यालयात पुन्हा लावायचं नाही असं ठरवलं, त्याचं मला वाईट वाटलं. चित्रकाराचे विचार पाहून चित्र उतरवायचं, ही सवय १९३७ ची आहे.

सांजवेळ
जलरंगी, ही तुलना अन्यायाची आहे. १९३७ मध्ये चित्रं हिसकावली, परदेशात विकली, बरीच नष्टही झाली. २०१९ मध्ये एक उसनं घेतलेलं चित्र त्याच्या मालक संस्थेकडे परत गेलं. सरकारप्रमुखाच्या कार्यालयात पाहुण्यांना काय दिसावं, हा त्या कार्यालयाचा प्रश्न आहे. त्या चित्राला कुणी धक्का लावलेला नाही.

खरा खोटेपणा युद्धानंतरचा आहे. त्याच्या १९३४ च्या आत्मचरित्रात ज्यूंविरुद्धचा मजकूर होता, नंतरच्या आवृत्तीतून तो गाळला गेला. २०१९ च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनात चित्रांसोबत त्याचा पत्रव्यवहारही मांडला. त्यासाठी ऐंशीहून अधिक वर्षं लागावीत याचा मला राग येतो.

पूर्वापार
इटलीकडे बघितलं की हा सगळा वाद निराळा दिसतो. मुसोलिनीने एकच एक शैली लादली नाही. यंत्र, वेग आणि युद्ध यांचे गोडवे गाणारे कवी मारिनेत्तीचे फ्यूचरिस्ट कलावंत त्याच्या बाजूचे. १९३२ मध्ये रोममध्ये फॅसिस्ट क्रांतीचं प्रदर्शन भरलं, त्याची मांडणी त्या काळात अत्याधुनिक होती. कोमो शहरातलं, वास्तुकार तेरान्यीने बांधलेलं फॅसिस्ट पक्षाचं कार्यालय आजही आधुनिक वास्तुकलेत अभ्यासलं जातं. 'नोव्हेचेंतो' या इटालियन चित्रकारांच्या गटाची आधारस्तंभ, कलासमीक्षक मार्गेरिता सारफात्ती स्वतः ज्यू होती. मुसोलिनीचं चरित्र तिनेच लिहिलं, आणि १९३८ च्या वंशकायद्यांनंतर तिलाच देश सोडावा लागला.

जर्मनीतही १९३३ मध्ये बर्लिनचे नाझी विद्यार्थी नोल्डेला अस्सल नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपीय वंशाचा, म्हणून उचलून धरत होते. नाझी विचारवंत रोझेनबर्गचा गट विरोधात होता. पुढे हिटलरने कौल दिला आणि विषय संपला. म्हणून चित्राच्या शैलीवरून फॅसिझम ओळखता येतो, हे मला साफ नामंजूर आहे.

गिरगावकर
आडरान, तुमच्या मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. कलेत राष्ट्र शोधणं म्हणजे फॅसिझमची पायरी, असा सूर त्यातून निघतो. बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांनी १९०५ मध्ये 'भारतमाता' रंगवली तेव्हा देश गुलाम होता. स्वतःची चित्रभाषा शोधणं ही गरज होती. आणि ती माणसं दारं लावून बसली नव्हती. १९२२ मध्ये कलकत्त्यात याच मंडळींच्या संस्थेने बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या कलावंतांचं प्रदर्शन भरवलं. क्ले आणि कॅंडिन्स्की या चित्रकारांची कामं तिथे होती, त्यांचीच चित्रं पुढे म्युनिकच्या टिंगलीच्या भिंतीवर गेली.

आपल्या मुंबईचंही सांगतो. नाझींमुळे युरोप सोडावा लागलेले वॉल्टर लॅंगहॅमर, रुडी फॉन लेडन, इमॅन्युएल श्लेसिंगर इथे आले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटातल्या सूझा, आरा, रझा, हुसेन यांना त्यांनी आधार दिला, चित्रं विकत घेतली, लिहिलं, शिकवलं. ज्या कलेला तिकडे परकी म्हणून हाकललं, तिचं बळ स्वतंत्र भारताच्या चित्रकलेला मिळालं.

आडरान
गिरगावकर, उदाहरणं मोलाची आहेत, पण मला ती माझ्याच बाजूची वाटतात. अवनींद्रनाथांच्या हाती ना पोलीस होते, ना संग्रहालयं रिकामी करायचा अधिकार. राष्ट्राचं माप सत्तेच्या हाती गेलं की त्यातून जप्तीची यादी निघते. शैली कुठलीही असो, पूर्वापार, हे इटलीलाही लागू आहे: सारफात्तीने उचलून धरलेली कला पुरेशी राष्ट्रीय होती, तिचा जन्म नव्हता.

गिरगावकर
माप सत्तेच्या हाती जातं ते आधी चित्रकारांनी आणि समीक्षकांनी घडवलेलं असतं. तुमच्या नोल्डेनेच ते दाखवलं. मग आमच्या बाजूच्या मापाला आधीच निर्दोष ठरवून कसं चालेल? स्वातंत्र्यानंतर 'हे भारतीय नाही' असे शेरे प्रोग्रेसिव्ह गटानेही ऐकले. माझा आग्रह एवढाच की शोध आणि शेरा यांत फरक करा, दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका.

जलरंगी
आणि मी अजून त्या लाटेपाशीच आहे. पत्रं शेजारी लावा, आत्मचरित्रातली गाळलेली पानं लावा, पेख्श्टाइनचं चित्रही बाजूला लावा. पण ती लाट भिंतीवर असू द्या.