तापातला ईसीजी फेकू नका

'एकदा ईसीजी नॉर्मल आला की निर्धास्त राहावं' हे या चर्चेत दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. ब्रुगाडा सिंड्रोममध्ये, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय अचानक बिघडवणाऱ्या आजारात, ईसीजी आज बिघडलेला आणि परवा अगदी स्वच्छ दिसू शकतो. 1992 साली पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी हा आजार मांडला. यात हृदयाची रचना बहुतेक वेळा ठीकच असते. बिघाड असतो तो पेशींतून सोडियम आत जाण्याच्या वाटेत, आणि ताप चढला की ही वाट आणखी अडते.

आमच्याकडे वडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी, धाकटे दीर 103 तापात मोरीच्या उंबऱ्यावर कोसळले. सगळ्यांनी अशक्तपणाच धरला. पण त्या रात्रीच्या ईसीजीच्या गुलाबी पट्टीवर व्ही1 आणि व्ही2 मध्ये, म्हणजे छातीवरच्या दोन ठरलेल्या जागांच्या नोंदीत, रेष ताठ वर जाऊन तिरकी घसरत पार खाली गेली होती. तीन दिवसांनी ताप उतरला आणि पट्टी साफ! सासूबाई पेढे वाटायला निघाल्या होत्या. डॉक्टरांनी मात्र जुनी पट्टी मागितली, छातीवर त्याच दोन जागी लावलेले इलेक्ट्रोड एक बरगडी वर सरकवून पुन्हा ईसीजी काढला, आणि तीच घसरण परत दिसली. जुना कागद नसता तर त्यांनी शोधलंच नसतं. आता ताप आला की लगेच उतरवायचा, कुठलंही नवं औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आजार आनुवंशिक असल्यामुळे आमच्या ह्यांचा आणि नणंदेचाही ईसीजी काढून घेतला.