टीव्हीचा आवाज, वीस हजारांचं बजेट आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

बी-३०४: सगळ्यांना नमस्कार, पाण्याचा टँकर-बिंकर काही नाही, दुसराच विषय आहे. नवीन टीव्ही घेतलाय ४३ इंची, चित्र एकदम झकास पण आवाज म्हणजे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. आईला मालिकेतलं वाक्य कळेना म्हणून ती व्हॉल्यूम वाढवती आन जाहिरात लागली की घर हादरतंय. होम थिएटर घ्यायचं म्हणतोय, बजेट वीस हजार, लई तर बावीस. टीव्हीखाली ठेवायचा लांबट साऊंडबार घ्यावा का ५.१, म्हणजे पुढंमागं स्पीकर असलेला संच? कोण वापरतंय का?

ए-१०३: भावा सरळ डॉल्बी अ‍ॅटमॉसवाला बार घे विषय कट. डोक्यावरनं हेलिकॉप्टर जातंय नुसतं

ए-४०१ (सेक्रेटरी): डॉल्बीचं नाव ग्रुपवर काढू नका. गणपतीत खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, तेवढं पुरे झालं.

ए-१०३: काका ते मिरवणुकीतलं वेगळं, हे घरातलं 😂

सी-१०२: आधी एक सांग बी-३०४, आईला संवाद कळायला पाहिजेत का तुला बॉम्ब फुटलेला ऐकायचाय? दोन्ही म्हणशील, पण वीस हजारात आधी कुणाचं बघायचं ते ठरवावं लागतंय. सिनेमातलं बोलणं बहुतेक सेंटर म्हणजे मधल्या स्पीकरमधनं येतंय. २.१ बारमध्ये तो वेगळा नसतोय, डावा-उजवा मिळून मधनं आवाज आल्याचं भासवतात. म्हणून खोक्यावर ३.१ नाहीतर ५.१ बघून घे, पहिला आकडा चॅनलचा, पॉइंटनंतरचा एक सबवूफरचा, म्हणजे नुसता बेस वाजवणाऱ्या डब्याचा. आन अ‍ॅटमॉसचं म्हणशील तर या किमतीत छताकडं तोंड केलेले स्पीकर बहुतेक बारमध्ये नसतातच, सिग्नल तेवढा घेतोय आन वर गेल्याचा आभास करतोय. हेलिकॉप्टर राहू दे, चिमणीबी जात नाही डोक्यावरनं.

ए-१०३: दादा मूड घालवला

बी-३०४: राजारामपुरीत एका दुकानात बघून आलोय, तो म्हणला १०,००० वॅट आहे, घ्या डोळे झाकून

सी-१०२: १०,००० वॅट घरात लावलास तर मीटर पळून जाईल. तो पीएमपीओचा आकडा आहे, क्षणभराचा फुगवून सांगितलेला, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस विचार, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद. १२ बाय १५च्या हॉलला खरे साठ-सत्तर वॅटसुद्धा भरपूर होतात. आन दुकानात ऐकून ठरवू नको, तिथं बेस फुल्ल करून ठेवलेला असतोय. तुझ्या मोबाईलवर ज्यात नुसतं बोलणं आहे असा एखादा सीन घेऊन जा, बेस मधे आणायला लाव, आन आवाज अगदी बारीक करून शब्द कळतात का बघ. मोठ्या आवाजात सगळेच बरे वाटतात.

सी-१०२: मॉडेल विचारशील तर सोनीचा एचटी-एस२०आर तुझ्या बजेटात बसण्यासारखा आहे. ५.१ आहे, सेंटर बारमध्येच, मागचे दोन स्पीकर वायरचे. त्यात अ‍ॅटमॉस नाही, साधं डॉल्बी डिजिटल आहे, आन मागं वायर ओढायची तयारी पाहिजे. वहिनींना आधी विचार, फरशीवर वायर दिसली की घरात सिनेमा दुसराच सुरू होतोय.

बी-३०४: विचारलं. ती म्हणती वायर दिसता कामा नये. आन खरा रिसिव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारं वेगळं खोकं, घेऊन मोठे स्पीकर जोडायचे ते कसं?

सी-१०२: त्याचा नादच वेगळा, मला विचारशील तर तेच खरं. रिसिव्हर एकदा घेतला की स्पीकर हळूहळू वाढवता येतात, यंदा पुढचे दोन, मग सेंटर, मग सब. पण नुसता नवा रिसिव्हरच बजेट खाऊन वर मागतोय. सेकंड हँड बघणार असशील तर एचडीएमआयला एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधनं परत आणायची सोय) आहे का, सगळे चॅनल वाजतात का ते समोर लावून बघ, गरम होऊन बंद पडत नाही ना यासाठी अर्धा तास चालव. सोबत छोटा माईक मिळाला तर सोडू नको, तो सोफ्यावर डोक्याच्या उंचीला ठेवून रिसिव्हर आपलाआपण अंतर आन आवाज जुळवतोय.

सी-३०१: दादा आमच्याकडं जुनं ५.१ आहे, पडूनच आहे म्हणायचं. आवाज आहे पण बोलणं कळत नाही म्हणून ह्यांनी लावायचं सोडलं. काही होईल का त्याचं का भंगारात देऊ?

सी-१०२: वहिनी थांबा, देऊ नका. संध्याकाळी येऊन बघतो.

सी-१०२: आत्ताच सी-३०१ मधनं आलो, सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून लिहितोय. सेंटर स्पीकर शोकेसच्या कप्प्यात पार आत सरकवलेला, पुढं फोटोफ्रेम आन हळदीकुंकवाच्या वाट्या, म्हणजे हीरोनं बोलायचं कुणाशी. तो कप्प्याच्या काठापर्यंत पुढं ओढला, खाली रबराचे तुकडे देऊन तोंड जरा वर कानाकडं केलं. मग मागं बघतोय तर डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी, बसवून देणारा तशीच लावून गेलेला. एक उलटा असला की दोघं एकमेकांचा बेस मारतात आन आवाज मधे न येता घरभर पसरतोय. सरळ केली. सेटिंगमध्ये सेंटर दोन पॉइंट वर, सब तीन पॉइंट खाली. खर्च शून्य, चहा दोन कप.

सी-३०१: आन पोहे. पण खरंच सांगते, सासूबाई आतल्या खोलीतनं म्हणाल्या आज शब्द कळायलेत

ए-२०२: प्रभातनं १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलता केला तो ह्याच कोल्हापुरात, आन आज आपल्या घरात बोलणं कळंना म्हणून चर्चा चाललीय. बाबूराव पेंटरांच्या गावात हे दिवस.

ए-४०१ (सेक्रेटरी): काका, तेव्हा पन्नास वॅटचा सबवूफर खाली नव्हता.

बी-२०४: मी मघापासून वाचत्ये. बी-३०४, माझ्या डोक्यावर तुझा हॉल आहे. मागं पाहुणे आलेले तेव्हा रात्री साडेअकराला माझ्या फळीवरची भांडी वाजत होती. तू काय पाहिजे ते घे पण खाली माणसं झोपतात हे लक्षात ठेव.

बी-३०४: काकू सॉरी, तो भाच्याचा ब्लूटूथ स्पीकर होता

सी-१०२: काकूंचं बरोबर आहे. बेस भिंतीला ऐकत नाही, स्लॅबमधनं सरळ खाली जातोय. सबखाली जाड रबर किंवा फोम ठेवला तर फरशीची थरथर कमी होती पण हवेतनं जाणारा बेस त्यानं थांबत नाही, तिथं आवाज कमी करणं हाच उपाय. सब कोपऱ्यात कोंबू नको, कोपऱ्यात तो फुगतोय आन घुमतोय. युक्ती सांगतो: सब उचलून सोफ्यावर तुझ्या बसायच्या जागेला ठेव, बेसवालं गाणं लाव आन तू भिंतीकडेनं रांगत फीर. जिथं बेस सुटसुटीत ऐकू येईल, घुमणार नाही, तिथं सब ठेवायचा. बायको हसंल, हसू दे.

ए-१०३: व्हिडिओ टाका रांगतानाचा

ए-४०१ (सेक्रेटरी): रात्री १० ते सकाळी ६, रहिवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. ध्वनी प्रदूषण नियम २०००. हे मी फक्त आठवण म्हणून टाकतोय.

सी-१०२: त्यासाठीच नाइट मोड असतोय. बारीक आवाज वर उचलतोय, धडाम-धूम खाली दाबतोय. आईच्या मालिकेलाबी तोच लावून ठेव, जाहिरातीचा दणकाबी जरा कमी होईल.

बी-३०४: अजून एक, जोडायचं कशानं? दुकानवाला ऑप्टिकल केबल घ्या म्हणतोय, हजार रुपये

सी-१०२: टीव्हीच्या मागं एचडीएमआयच्या एका भोकाजवळ एआरसी लिहिलेलं असतंय, त्यातच लाव, दुसऱ्यात लावलं तर आवाज जाणार नाही. टीव्हीच्याच रिमोटनं व्हॉल्यूम चालतोय, आईला दुसरा रिमोट शिकवायला नको. खोक्यात एचडीएमआय केबल आहे का बघ आधी. ऑप्टिकलबी चालतंय ५.१ला, वाईट नाही, पण ओटीटीवाले बऱ्याचदा डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात, ते ऑप्टिकलमधनं जात नाही, टीव्हीनं साधं करून द्यावं लागतंय. म्हणून टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन पीसीएमवर (न दाबलेला साधा आवाज) असेल तर काढ, डॉल्बी डिजिटल किंवा ऑटोवर टाक. पीसीएमवर राहिलं तर बऱ्याच टीव्हीतनं दोनच चॅनल बाहेर पडतात आन लोक म्हणतात मागचे स्पीकर बिघडलेत.

सी-१०२: आन ओठ आन आवाज मागंपुढं वाटले तर ऑडिओ डिले म्हणून सेटिंग असतंय, तेवढं हलवायचं. मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या बाजूला जरा मागं, कानापेक्षा थोडे वर. पार छताला टांगू नको.

बी-३०४: हॉलमध्ये टाईल आन पांढऱ्या भिंती, दुसरं काहीच नाही, घुमतंय फार

सी-१०२: सोफ्यासमोर जाड सतरंजी टाक, खिडकीला जाड पडदा. घुमणं त्यानं कमी होईल, बेसला फरक पडणार नाही.

बी-३०४: सोनीचा तोच आणला. वायर स्कर्टिंगच्या मागनं पांढऱ्या पट्टीत घातली, बायको पास केली. आई म्हणती आता व्हॉल्यूम वाढवायला लागत नाही. सब टीव्हीच्या डाव्या बाजूला कोपऱ्यापासनं लांब आलाय. काकू आता युद्धाचा सीन लावतोय, खाली काय ऐकू येतंय सांगा

बी-२०४: थोडं धुमधुम येतंय. अजून दोन पॉइंट कमी कर.

बी-३०४: केला. आता?

बी-२०४: आता कुकरची शिट्टी ऐकू येत्ये. राहू दे तिथंच.

ए-१०३: दादा माझ्या रूमसाठी पाच हजारात काही?

सी-१०२: उद्या. आधी पार्किंगमध्ये तुझी गाडी आडवी लागलीय ती काढ.