मदत हवी आहे: शेअर्ड फोल्डरमधील बदल व्हर्च्युअल मशीनमधील सर्व्हरला कळत नाहीत

नमस्कार.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, परंतु आमचा प्रकल्प शेवटी उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) चालतो. म्हणून विकासाचे कामही त्याच वातावरणात व्हावे या हेतूने मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) उबुंटू सर्व्हर २२.०४ बसवले आहे. १६ जीबी मेमरीपैकी ६ जीबी आणि ८ पैकी ४ कोअर मशीनला दिले असून नेटवर्क नॅट (मशीन लॅपटॉपच्या आडून नेटवर्कला जोडले जाते तो प्रकार) ठेवले आहे.

काही अडचणी माझ्या मलाच सोडवता आल्या. ६० जीबीची डिस्क देऊनही आत सुमारे २९ जीबीच दिसत होती, कारण इन्स्टॉलरने एलव्हीएममधील (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) निम्मी जागा मोकळीच ठेवली होती. त्यानंतर ३००० क्रमांकाचे पोर्ट फॉरवर्ड करूनही (म्हणजे लॅपटॉपवर त्या क्रमांकावर येणारी विनंती मशीनकडे वळवूनही) ब्राउझरमध्ये पान उघडेना. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर लक्षात आले, की डेव्हलपमेंट सर्व्हर मशीनच्या आतील १२७.०.०.१ या स्वतःपुरत्या पत्त्यावरच ऐकत होता आणि नॅटमधून येणारी विनंती मात्र १०.०.२.१५ या पत्त्यावर पोहोचत होती. सर्व्हरला ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सर्व पत्त्यांवर, ऐकायला लावल्यावर पान उघडले.

खरे अडले आहे ते यापुढे. कोड विंडोजवरच्या फोल्डरमध्ये आहे आणि तो शेअर्ड फोल्डर म्हणून मशीनला जोडला आहे. एडिटरमध्ये फाइल सेव्ह केली तरी सर्व्हर नव्याने सुरू होत नाही. मात्र मशीनमध्ये जाऊन तीच फाइल 'कॅट'ने उघडली तर बदललेला मजकूर दिसतो, आणि आतूनच तिला 'टच' केले (मजकूर न बदलता बदलाची वेळ तेवढी नवी केली) की सर्व्हर तत्काळ जागा होतो. पोलिंग (फाइली पुन्हा पुन्हा तपासत राहणे) चालू केल्यास बदल कळतात, पण एक कोअर सतत त्यातच गुंतून राहतो. शिवाय एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारे साधन) पॅकेजेस बसवताना सिम्बॉलिक लिंकपाशी (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) 'प्रोटोकॉल एरर' येऊन काम थांबते.

कोड मशीनच्या आत हलवावा असे वाटते, परंतु मशीन बिघडले तर कोडही जाईल ही धास्ती आहे. खिडकीच्या तळाशी हिरवे कासवही दिसते. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद

कासवाचा या अडचणीशी संबंध नाही. हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था) चालू असल्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सुविधा त्याच्यामार्फत घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्याने वेग कमी होतो हे खरे; पण तुम्ही डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर हायपर-व्ही बंद करता येणार नाही, आणि त्याच व्यवस्थेवर चालणारे विंडोजचे मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण केवळ वेगासाठी काढून टाकावे असे मला वाटत नाही.

मूळ कारण तुमच्या 'टच'च्या प्रयोगातच आहे. फाइल बदलल्याची वार्ता सर्व्हरला लिनक्सच्या कर्नलमधील (गाभ्यातील) इनोटिफाय या फाइलींवर लक्ष ठेवणाऱ्या सोयीकडून मिळते. विंडोजने केलेला बदल त्या कर्नलमधून जातच नाही, म्हणून मजकूर नवा दिसतो पण वार्ता येत नाही. सिम्बॉलिक लिंक तयार करणे शेअर्ड फोल्डरमध्ये सुरक्षेसाठी मुळातच बंद असते; ते चालू करता येते, पण त्याने तुमचा निम्माच प्रश्न सुटेल.

तेव्हा कोड मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर न्यावा. २२२२ हे पोर्ट आतील २२ कडे फॉरवर्ड करावे (होस्टचा, म्हणजे लॅपटॉपचा, पत्ता १२७.०.०.१ असाच लिहावा, म्हणजे नेटवर्कवरील इतरांना ते दिसणार नाही) आणि व्हीएस कोड या एडिटरच्या रिमोट एसएसएचने (दुसऱ्या मशीनला सुरक्षितपणे जोडून तेथील फाइलींवर काम करण्याची सोय) तेथेच काम करावे. दुसरा एडिटर वापरायचा असेल तर शेअरिंगची दिशा उलटी करावी: मशीनमध्ये सांबा (लिनक्समधील फोल्डर विंडोजला देणारा प्रोग्राम) बसवून होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि मशीन यांच्यातील, नेटवर्कवरून कोडचा फोल्डर विंडोजला द्यावा. मग विंडोजमधून केलेला बदलही आतील सांबाच डिस्कवर लिहितो आणि इनोटिफायला तो कळतो.

धास्तीबद्दल सांगायचे तर, कोड रोज गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) पुश होऊन मशीनबाहेर साठत असेल तर मशीन टाकाऊ वस्तू समजावी. स्नॅपशॉटला (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) मात्र बॅकअप मानू नये; तो मूळ डिस्क-फाइलवर अवलंबून असतो आणि ती गेली की त्याचा उपयोग उरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. रिपॉझिटरी (गिटवरील कोडचा संग्रह) आत क्लोन करून, म्हणजे तिची प्रत आत घेऊन, रिमोट एसएसएचने जोडली. पोलिंग बंद केल्यावरही सेव्ह करताच सर्व्हर नव्याने सुरू होतो, आणि पॅकेजेसही विनातक्रार बसली. जुना शेअर्ड फोल्डर काढून टाकताना, गिटच्या दुर्लक्ष-यादीत असलेली एन्व्हायर्नमेंटची (प्रकल्पाच्या सेटिंगची) फाइल क्लोनमध्ये आलेली नाही हे सुदैवाने वेळीच दिसले. ती हाताने नेऊन ठेवली.