पैठणी परदेशात पाठवायचीय, बिलावर जीएसटी लावायचा का?

गोदाकाठ_पैठण
नमस्कार मंडळी. पैठणमध्ये पैठणीचं छोटं दुकान आहे. जीएसटी नंबर आहे, पण कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची, उलाढालीवर ठराविक टक्के कर भरायची योजना). आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) नाही. एका परदेशी संकेतस्थळावरून टेक्सासची एका साडीची ऑर्डर आलीय, ₹२४,०००. व्हॉट्सॲपवरून लंडन आणि मेलबर्नला पैठणी कापडाचा एकेक पीस, प्रत्येकी ₹६,०००. माल अजून निघालेला नाही. बिलात ५ टक्के धरायचे का? तिकडचा टॅक्स कुणी भरायचा? कुरियरवाला म्हणायलाय, “गिफ्ट लिहा, कटकट नको.”

जालना_करसल्लागार
दादा, माल निघाला नाही हे बरं झालं. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि कायद्याच्या लेखी निर्यात म्हणजे आंतरराज्य विक्रीच. त्यामुळे ५ टक्क्यांचा प्रश्न नंतरचा. आधी जीएसटी पोर्टलवर सीएमपी-०४ हा अर्ज भरून कंपोझिशनमधून बाहेर पडा.

बाहेर पडल्यावर ३० दिवसांत आयटीसी-०१ भरायला विसरू नका. दुकानात पडलेल्या मालावर खरेदीच्या वेळी दिलेला जीएसटी त्यातून जमा (पुढच्या करातून वळतं करायचं क्रेडिट) मिळतो, फक्त खरेदीचं बिल एक वर्षाच्या आतलं हवं. रक्कम दोन लाखांच्या वर गेली तर सीएचा दाखला लागतो. नोंदणी नसलेल्या विणकराकडून घेतलेल्या साडीवर मात्र जमा काहीच नाही, कारण तिथे कर दिलेलाच नसतो.

मग एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र. निर्यात ‘शून्य दराची’ विक्री आहे. एलयूटी भरलं की बिलावर कर लावायचा नाही. नसेल तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) आधी खिशातून भरायचा आणि परताव्याची वाट बघायची. छोट्या दुकानाचं भांडवल त्यात अडकतं, म्हणून एलयूटीच बरं. सर्व्हिसेस, युजर सर्व्हिसेस, फर्निश लेटर ऑफ अंडरटेकिंग, अर्ज आरएफडी-११. दोन साक्षीदारांची नावं-पत्ते हाताशी ठेवा. फी नाही, एआरएन (अर्जाचा पोच क्रमांक) लगेच मिळतो. मुदत ३१ मार्चला संपते, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जुन्याच एलयूटीवर बिलं फाडणारे दरवर्षी सापडतात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कार्यालयात अर्जविनंत्या आल्याच.

बिलावर ग्राहकाचं नाव-पत्ता, देश आणि हे वाक्य हवंच: ‘सप्लाय मेंट फॉर एक्स्पोर्ट अंडर बॉण्ड ऑर लेटर ऑफ अंडरटेकिंग विदाउट पेमेंट ऑफ इंटिग्रेटेड टॅक्स’. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत कर आणि १८ टक्के व्याज भरावं लागतं. म्हणून माल तयार नसताना बिल काढून ठेवू नका.

पार्सल_पंडित
गिफ्टवाल्याचं ऐकू नका. कुरियरमध्ये कस्टम्सच्या कागदाचे (कुरियर शिपिंग बिल, सीएसबी) दोन रस्ते आहेत. सीएसबी-४ हा नमुने आणि भेटवस्तूंसाठी, सीएसबी-५ हा विक्रीच्या मालासाठी. सीएसबी-४ ने गेलेल्या साडीची निर्यात कागदावर सिद्धच होत नाही. मग एलयूटीही उपयोगाचं नाही आणि परतावाही नाही. उलट अधिकारी तीच विक्री देशातली धरून कर मागू शकतो. पार्सल परत आलं तर आणखी पंचाईत: माल इथूनच गेला होता हे दाखवता आलं नाही तर आपल्याच साडीवर आयात शुल्क.

सीएसबी-५ साठी आयईसी (डीजीएफटी, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर, फी ₹५००, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करायचा), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा नंबर), जीएसटी नंबर आणि एलयूटीची प्रत लागते. एडी कोडचं पत्र शाखेतून मागून घ्या. लहान शाखेत त्याची कल्पना नसते, तिथे ‘फॉरेक्स विभागाला विचारा’ म्हणून आग्रह धरा.

पोस्टानं पाठवायचं तर डाक घर निर्यात केंद्र आहे, तिथे ऑनलाइन पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरता येतं. एका ओढणी-कापडासाठी मला तोच मार्ग सोयीचा वाटतो.

पैसे आल्यावर बँकेला परपज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) सांगा: माल जाण्याआधी रक्कम आली तर पी०१०३, नंतर आली तर पी०१०२. चुकून घरखर्चाचा कोड पडला तर ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचा दाखला) निघताना अडतं. ग्राहक ‘किंमत कमी लिहा’ म्हणाला तरी लिहू नका, बँकेत आलेली रक्कम आणि बिल जुळत नाही.

सातासमुद्रापार
तिकडच्या कराबद्दल. अमेरिकेत देशभर एकच विक्रीकर नाही, राज्याराज्यांचा आहे. संकेतस्थळावरून विकता तेव्हा तो तेच ग्राहकाकडून घेऊन भरतं, तुमच्या बिलात येत नाही. स्वतः थेट विकलं तर टेक्सासची नोंदणी-मर्यादा वर्षाला पाच लाख डॉलर आहे, म्हणजे तूर्त निर्धास्त. खरी अडचण सीमाशुल्काची. ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. शुल्क ग्राहक भरणार की तुम्ही, हे ऑर्डर घेतानाच लिहून ठरवा. नाहीतर ग्राहक पार्सल घ्यायचं नाकारतो आणि जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या माथी.

लंडनचा ₹६,००० चा पीस १३५ पौंडांच्या आत बसतो. अशा मालावर २० टक्के व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो, आणि थेट विकणाऱ्या परदेशी दुकानदारानं तिथे व्हॅट नोंदणी करायची असते. एका पिसासाठी तो खटाटोप परवडत नाही. ती ऑर्डर संकेतस्थळामार्फत घ्या, व्हॅट ते भरतात. ऑस्ट्रेलियात एक हजार डॉलरपर्यंतच्या मालावर १० टक्के जीएसटी आहे, पण तिथली वार्षिक विक्री ७५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होईपर्यंत नोंदणी नको.

गोदाकाठ_पैठण
लई उपकार. एक राहिलं: संकेतस्थळ कमिशन कापून पैसे देतं, त्याला काही आहे का?

जालना_करसल्लागार
आहे, आणि तिथंच बरेच जण गाफील राहतात. कमिशनचं बिल परदेशी कंपनीचं असेल तर ती सेवेची आयात. रिव्हर्स चार्जनं (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं कर भरायची पद्धत) १८ टक्के आयजीएसटी तुम्ही भरायचा, जीएसटीआर-३बी विवरणपत्रात ३.१(डी) ला, आणि रोखीनं. जमा क्रेडिटमधून चालत नाही. मग तीच रक्कम जमा म्हणून मिळते. बिलात विक्रीची पूर्ण किंमत दाखवा, कमिशन वजा करून नाही.

साठलेल्या जमेचा परतावा आरएफडी-०१ या अर्जानं, दोन वर्षांच्या आत. समजा निर्यात सहा लाख, देशातली विक्री दोन लाख, जमा ₹१८,०००. तर परतावा १८,००० चे सहा-अष्टमांश, म्हणजे ₹१३,५००. कुरियरच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटीही त्या जमेत धरा, पण मशिनरीवरचा नाही.

पार्सल_पंडित
यात एक भर. निर्यातीचा आकडा बिलातला की एफओबी (पुढचं भाडं-विमा वगळून मालाची किंमत), यातला जो कमी तो धरतात. ग्राहकाकडून घेतलेलं भाडं बिलात मिसळलं असेल तर हिशोब त्यामुळे खाली येतो. आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) च्या ६ए तक्त्यात सीएसबी-५ चा नंबर आणि तारीख जशीच्या तशी टाका. एक अंक चुकला की अर्ज त्रुटीसह परत.