अंग घासायचा खरखरीत टॉवेल: तुमचे अनुभव लिहा

बार्देशची_बाय
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकं घोसाळं टांगलेलं दिसलं आणि जुन्या न्हाणीतली खुंटी डोळ्यांसमोर आली. आता त्या खुंटीवर कोरियन हातमोजा नाहीतर जपानी नायलॉनचा लांब टॉवेल असतो. वापरणाऱ्यांनी नीट लिहा, कारण बहुतेक जण कोरड्या अंगावर जोर काढतात आणि मग त्वचा जळजळते म्हणतात.

खरं काम भिजण्याचं आहे. आपल्याकडे टब नाही, तेव्हा पाय ऊन पाण्याच्या बादलीत, अंगावर दोन-तीन तांबे, खांद्यावर ओला पंचा आणि अधूनमधून वरून पाणी. पाणी कोमट-ऊन, कढत नको. दहा-पंधरा मिनिटांनी दंडावर बोट दाबून ओढायचं. मेलेल्या कातडीच्या बारीक वळ्या सुटल्या तर भिजलं, नाहीतर आणखी थांबा. साबण आधी लावू नका, कापड नुसतं घसरतं. कापड ओलं करून पिळायचं, हातापायांवर लांब, सरळ ओढ द्यायची, एका जागी पाच-सहा वेळा. शेवयांसारख्या करड्या वळ्या पडतात. त्या थांबल्या की तिथलं काम झालं. मग साबण, पाणी, टिपणं, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल. आठवड्यातून एकदाच.

फोंड्याहून
खोबरेल नंतरच बरं का! आधी तेल चोळलं तर वळ्या सुटत नाहीत आणि टॉवेल तेलकट होऊन बसतो. दिवाळीचं अभ्यंग वेगळं. तिथे उटणं तेल ओढून घेतं.

सूतगिरणी
कापडाबद्दल लिहितो. कोरियन हातमोजा व्हिस्कोसचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याचा. १९६० च्या दशकात बुसानला निघाला, कापड तेव्हा इटलीहून यायचं. सुताला भरपूर पीळ दिलेला असतो, खरखर त्या पिळाची. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून कचकचून पिळलात तर शिवणीपाशी फाटतो. तळव्यात दाबून पाणी काढा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, सुतावर थर बसतो आणि खरखर जाते. ब्लीचही नको.

काणकोणकर
पावसाळ्यात सुकवायचा कसा ते सांगा कोणीतरी. जूनपासून चवथीपर्यंत काहीच सुकत नाही इथे.

सूतगिरणी
@काणकोणकर व्हिस्कोस हवेतली ओल साधारण १३ टक्के धरतं, नायलॉन जेमतेम ४. म्हणून पावसाळ्यात नायलॉन घ्या, उन्हाळ्यात हातमोजा. न्हाणीत ठेवायचाच नाही. वॉशिंग मशीनच्या जाळीच्या पिशवीत घालून स्पिन, मग पंख्याखाली, मोजा असेल तर उलटा करून. काळे ठिपके आले की फेका. ती बुरशी, धुऊन जात नाही.

गावठी_औषध_नको
थोडं गंभीर लिहिते. नायलॉनच्या टॉवेलाने रोज घासणाऱ्यांच्या गळ्याच्या हाडावर, खांद्याच्या फऱ्यावर, मणक्यावर काळपट डाग येतात. जपानी डॉक्टरांनी १९८० च्या दशकातच यावर लिहिलंय. जिथे हाड कातडीच्या लगेच खाली, तिथे घर्षण जास्त बसतं. लोक तो डाग मळ समजून आणखी घासतात, तो आणखी काळा होतो. घासणं बंद, हाच पहिला उपाय. तरी उतरायला कित्येक महिने जातात.

कोणी अजिबात घासू नये: घामोळं, उन्हाने भाजलेली कातडी (समुद्रावरून आल्यावर तर नकोच), इसब, आणि गजकर्ण. गजकर्णावर घासलं तर ते अंगभर पसरतं आणि तोच टॉवेल दुसऱ्याने वापरला तर त्यालाही होतं. एक माणूस, एक टॉवेल. मधुमेह असेल तर पायाला लावू नका, ओरखडा कळत नाही. चेहऱ्यालाही नको.

साखळीकर_वहिनी
वॅक्सिंग असेल तर आदल्या दिवशी घासा, नंतर दोन-तीन दिवस नाही. घाईत लिहिते, गॅसवर कालवण आहे.

पेडणेकर
दंडावर बारीक खडबडीत पुटकुळ्या आहेत, त्या जातील का याने?

गावठी_औषध_नको
@पेडणेकर घासून जात नाहीत हो. केसाच्या मुळाशी केराटिनचं, म्हणजे कातडीतल्या टणक प्रथिनाचं, बूच बसलेलं असतं. वरचं टोक झिजतं, खाली तसंच राहतं आणि जोर केला तर लाल होतं. १० टक्के युरिया किंवा १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचं क्रीम, रोज, ओलसर कातडीवर. फरक दिसायला महिना तरी द्या. क्रीम लावण्याच्या दिवशी टॉवेल नको, झोंबतं.

बार्देशची_बाय
आणि टाचांना हा टॉवेल पुरत नाही, तिथे वजरीच लागते. पाय भिजवूनच.

मळेकार
घोसाळ्याचं कोणी बोलेना म्हणून मी लिहितो. मिरगाला बी लावलं की श्रावणात भाजी. पण घासायला ठेवायचं फळ पावसात धरू नये, वेलावरच कुजतं. चवथीनंतर धरलेलं राखा. साल तपकिरी, फळ हलकं आणि हलवल्यावर बिया खुळखुळल्या की काढा. देठाकडची टोपी कापून बिया झटका, पाण्यात भिजवून साल सोला, गर धुऊन काढा, दोन दिवस कडक उन्हात. उभं चिरून आतली जाळी काढली तर पाठीसाठी सपाट पट्टी होते. नवं घोसाळं टोचतं, आधी पाच मिनिटं ऊन पाण्यात मऊ करा. ओलं पडून राहिलं तर त्यात जंतू वाढतात आणि अंगावर फोड येतात, म्हणून महिन्याभराने नवं घ्या.

फोंड्याहून
कोवळ्याची भजी पण! तांदळाचं पीठ थोडं जास्त घातलं की कुरकुरीत राहतात.

काणकोणकर
@मळेकार दादा, शिराळ्याचं चालेल का?

मळेकार
@काणकोणकर चालतं, पण धारेच्या कडा टणक, जाळी आखूड आणि राठ. भांड्यांना ठेवा. अंगाला घोसाळंच. आणि बी घेताना काळं, भरलेलं बघा. पांढरं, पोचट बी रुजत नाही.