माफीनंतरचा हिशेब

"2008 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आता कॅनडाच्या आदिवासींना आणखी काय हवंय?" असं विचारलं जातं. माफी निवासी शाळांबद्दल होती, जिथे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवत. व्यवस्थेतला वंशवाद पाहायचा तर निधीचे नियम वाचावेत, तिथे कोणी शिवी देत नाही.

रिझर्व्हवरच्या, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवरच्या, बालकल्याणाचा खर्च केंद्र सरकारकडे. मूल घरातून उचलून दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला ठेवलं की प्रत्यक्ष खर्च भरून मिळायचा. तेच मूल घरी राहावं म्हणून कुटुंबाला आधार द्यायचा तर ठरीव आणि तुटपुंजी रक्कम. मग मुलं उचललीच जाणार! कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने जानेवारी 2016 मध्ये याला भेदभाव ठरवलं.

दुसरी मेख म्हणजे बिल कोणाचं. रुग्णालयात असलेल्या क्री जमातीच्या जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलाला डॉक्टरांनी घरी न्यायची परवानगी दिली होती. घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राचा की मॅनिटोबा प्रांताचा, यावर दोन वर्षं घासाघीस चालली. पाच वर्षांचं पोर 2005 मध्ये रुग्णालयातच वारलं. त्याच्या नावाचं 'जॉर्डन तत्त्व' सांगतं: आधी सेवा द्या, भांडण नंतर. संसदेने ते 2007 मध्येच एकमताने मानलं. पण तातडीच्या अर्जाला 12 तास आणि एरवी 48 तास ही मुदत 2017 मध्ये न्यायाधिकरणालाच घालून द्यावी लागली.