एअर पिस्तूलची ग्रिप आणि ट्रिगर: छर्रे खाली-डावीकडेच का पडतात? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. वय ३८, शाहूपुरीत दुकान. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ब्राँझ आणल्यापासून इथं रेंजवर शाळकरी पोरांची ही गर्दी, त्यात मीच एक टकला. तो रायफलवाला, माझा ओढा पिस्तुलाकडं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं तेव्हापासूनचा. होल्स्टरमधून काढून धावत मारायचं ते व्हिडिओत बघतो तेवढंच. आपलं साधं १० मीटर.

आठ महिन्यांपूर्वी जुनं पीसीपी (आधी भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारं) पिस्तूल घेतलं. आधीच्या मालकाचा पंजा भलताच मोठा असणार. ग्रिप धरली की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात रुपयाचं नाणं सहज सरकतं. मी उजव्या हाताचा, आणि छर्रे हटकून खाली-डावीकडे, सात-आठ गुणांच्या वर्तुळांत. साइट (नेम धरायची खूण) स्क्रूनं फिरवली, दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी सगळे वर-उजवीकडे. परत फिरवली. आता मूळ खूण कुठली हेच आठवत नाही.

त्यात आणि एकाच्या सल्ल्यानं ट्रिगर हलका केला. सरावस्पर्धेत तपासणीला ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल उचललं, तर वजन जमिनीवरून सुटायच्या आत ट्रिगरच सुटला! चारचौघांत स्क्रू पिळत बसलो. त्या दिवशी ६०० पैकी ५१२.

तर विचारायचं असं, की आधी काय हाताळू? ग्रिप, ट्रिगर की साइट? नवीन ग्रिप परवडणार नाही. उद्यमनगरात कारागीर खंडीभर आहेत, पण त्यांना सांगू काय?

प्रतिसाद:
दादा, आधी तो साइटचा स्क्रू सोडा. उजव्या हाताचा माणूस ट्रिगरबरोबर अख्खी मूठ आवळतो, तेव्हा छर्रा खाली-डावीकडेच जातो. कोऱ्या पांढऱ्या कार्डावर वीस मारून बघा. नेमाचा काळा गोल समोर नसताना छर्रे एकत्र पडले, तर दोष पिस्तुलाचा नाही.

ग्रिपला कारागीर कशाला? लाकडाला भरतात ती लांबी (पुट्टी) आणा, बेचक्यात थोडी थापा, ओली असताना मूठ धरा, वाळल्यावर पॉलिश पेपर. डोळे मिटून हात उचला आणि उघडा. मनगट न वळवता पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध दिसेपर्यंत भरत आणि घासत राहा. तळहाताखालची पट्टी नुसती टेकू द्या, करकचून आवळू नका. मनगटाला आधार होईल असं काही केलं तर तपासणीत बाद.

ट्रिगर ५०० च्या जरा वर ठेवा, अगदी काठावर नको. आणि नजर पुढच्या साइटवर. काळा गोल धूसर दिसला तरी चालतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, त्याच्याकडं टक लावलं की हात थरथरतोच.

धागाकर्ता:
कोरं कार्ड मारलं. वीसपैकी सतरा चहाच्या कपाखाली झाकतील एवढ्यात. म्हणजे लोच्या माझ्याच मुठीत! लांबी आणलीय. बायको विचारत्येय, भिंतीचं काम कधी काढलंत.